मार्थेची दुसरी गोष्ट

२९ जुलै : संत मार्था, मरिया आणि लाझरस ह्यांचा स्मृतिदिन
वाचन : योहान ११:१९-२७ किंवा लूक १०:३८-४२



आजच्या तारखेपुढे दोन वाचनं दिलेली आहेत आणि मध्ये 'किंवा' आहे. फादर जे निवडतील ते. मी आजवर ऐकलेल्या बहुतेक मिस्सांत लूकचंच निवडलं गेलं, कारण ते सगळ्यांच्या ओळखीचं आहे. येशू मार्थेच्या घरी येतो. मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकते. मार्था कामात बुडालेली. शेवटी ती चिडून येशूलाच म्हणते की बहिणीला जरा सांग, मला हातभार लाव म्हणून. प्रभू तिला समजावतो की तू पुष्कळ गोष्टींची काळजी करतेस, मरियेनं निवडलंय ते चांगलं आहे आणि ते तिच्याकडून काढून घेतलं जाणार नाही. अवघी पाच वचनं. प्रवचन ठरलेलं : कामापेक्षा प्रार्थना मोठी, मार्था होऊ नका, मरिया व्हा.

मीही ह्याच ब्लॉगवर दोनदा हेच लिहिलं आहे. ती दोन्ही चिंतनं अजून आहेत, काढलेली नाहीत. पण आज जे लिहितोय ते वाचल्यावर तुम्ही ती वाचलीत तर मला थोडी लाज वाटेल, एवढं आधीच सांगून ठेवतो.

पूर्वी आजचा दिवस एकट्या मार्थेचा होता. संत मरिया माग्दालियाचा सण २२ जुलैला येतो, तिथून आठवा दिवस २९. पोप महान ग्रेगरी ह्यांच्या काळापासून पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत माग्दालिया आणि बेथानीची मरिया ह्या एकच, असं मानलं जात होतं. त्यामुळे बेथानीच्या मरियेला स्वतःचा वेगळा दिवस नव्हता, आणि लाझरसही ह्या तारखेला नव्हता. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी तिघा भावंडांचा मिळून एकच स्मृतिदिन रोमन पंचांगात घातला. एका घरातली दोन बहिणी आणि एक भाऊ, तिघांची एकाच दिवशी आठवण. मला हे फार आवडतं. पोप फ्रान्सिस स्वतः २०१३ पासून अखेरपर्यंत व्हॅटिकनच्या ज्या अतिथिगृहात राहिले त्याचं नाव 'सांता मार्था'. राजवाड्यातलं निवासस्थान सोडून ते पाहुण्यांच्या घरात राहायला गेले, आणि ते घर मार्थेच्या नावाचं. असो.

आता माझं सांगतो.

आम्ही वसईचे. मी अंधेरीत कामाला आहे, विरार लोकलनं येतो-जातो. चर्चच्या कॉयरमध्ये गिटार वाजवतो, आमच्या वाडीत रोझरी चालवायची असली की माझंच नाव पुढे येतं, आणि रोज पहाटे उठून हे चिंतन लिहितो. म्हणजे कुणालाही विचारा, मी मरिया! येशूच्या पायाशी बसलेला मुलगा. लोक आईला म्हणतात, तुझा मुलगा किती चांगला निघाला. आई हसते आणि चहाचे कप गोळा करून आत जाते.

गेल्या ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात, मरियामातेची मूर्ती आमच्या घरी आली होती. आमच्याकडे ऑक्टोबरभर मूर्ती घरोघर फिरते आणि ज्यांच्या घरी असेल तिथं वाडीतले सगळे जमतात. हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं, दाराबाहेर चपलांचा ढीग, आल्तारावर झेंडूच्या माळा. आई सकाळपासून उभी. फुग्यांचं पीठ, चटणी, चहाचं मोठं पातेलं. मी रोझरी सुरू केली. तिसऱ्या रहस्याला आतून कुकरची शिट्टी वाजली. मग भांडं पडलं. मी डोळे मिटलेलेच ठेवले आणि धाकट्या बहिणीला हातानं खूण केली, किचनचं दार लोटून घे.

तिनं लोटलं. रोझरी छान झाली. सगळ्यांनी कौतुक केलं.

निघताना शेजारच्या आजी चपला शोधत होत्या. मी त्यांना हात दिला, तर त्या म्हणाल्या, "तुझी आई कधी बसते रे रोझरीला? मला तर ती दिसतच नाही."

मी म्हणालो, "तिला सवय आहे, आजी."

आजी काही बोलल्या नाहीत. पण मला रात्रभर ते दार दिसत राहिलं. येशूच्या आईसाठी सजवलेलं घर, आणि मी माझ्या आईला दार लावून बाहेर ठेवलं होतं. बाहेर म्हणजे आत, किचनमध्ये.

दुसऱ्या दिवशी मी आणि बहिणीनं ठरवलं की ऑक्टोबर संपेपर्यंत संध्याकाळचा स्वयंपाक आम्ही करायचा आणि आईनं आठ वाजता रोझरीला बसायचं. मी फार खूश होतो. डोक्यात पुढच्या चिंतनाची पहिली ओळसुद्धा तयार होती. (तुमच्यातले जे लिहितात त्यांना हा आजार माहीत असेल.) पहिल्या दिवशी आई बसली आणि पहिल्या रहस्यातच उठली, गॅस बघते म्हणून. गॅस बंद होता. मग पाणी प्यायला उठली. मग शेजारच्यांचा कुत्रा का भुंकतोय ते बघायला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तिनं सरळ सांगितलं, "तुम्ही बसा. मला नाही बसायचं."

आणि मग मी जे केलं ते कबूल करतो. मी तिला लूकचं वाचन ऐकवलं. मार्था, मार्था, तू किती गोष्टींची काळजी करतेस. माझ्या आईला. तिच्याच किचनमध्ये. भात माझा करपलेला, तो वास येतोय, आणि मी प्रवचन देतोय.

आई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मार्थेची दुसरी गोष्ट पण वाच की."

"दुसरी कुठली?"

"लाझरसची. त्यात पण तीच आहे ना? तिच्याकडे निदान तो उशिरा का होईना आला तरी." (हे ती आमच्या सामवेदीत बोलली, मी इथं सगळ्यांना कळेल असं लिहितो.)

मी गप्प झालो. कारण ती कुणाबद्दल बोलतेय ते मला कळलं.

मामा गेला तो २०२१ च्या एप्रिलमध्ये. दुसरी लाट. आईहून तीन वर्षांनी लहान, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, रोज संध्याकाळी सायकलवरून चक्कर टाकायचा. त्याला दाखल केलं तेव्हा आईही पॉझिटिव्ह होती, घरातच वेगळ्या खोलीत. शेवटचं बोलणं व्हिडिओ कॉलवर, कुणीतरी वॉर्डातल्या माणसानं फोन धरला होता. नंतर थेट दफनभूमी. मोजक्या माणसांना परवानगी होती, त्यात आई नव्हती. तिनं त्याचं तोंड पाहिलं नाही. त्या संध्याकाळी मी झूमवर रोझरी चालवली होती, ऐंशीच्या वर लोक जोडले गेले होते. आई आतल्या खोलीत होती. तिच्याकडे तो झूम चालू होता की नाही हे मी कधी विचारलंच नाही.

लसूण सोलता सोलता तिनं सांगितलं. तेव्हापासून तिला 'नमन हे मरिये' पूर्ण म्हणता येत नाही. शेवटी मरणाच्या घटकेला आमच्यासाठी विनंती कर अशी जी मागणी येते ना, तिथं जीभ अडते. मामाच्या त्या घटकेला जवळ कोण होतं? "मी नव्हते. मग मरियामाता तरी होती का? तू रोज लिहितोस ना, सांग मला." पाच रहस्यांच्या रोझरीत नमन हे मरिये ५३ वेळा येतं. ५३ वेळा अडखळायचं, तेही लोकांसमोर. त्यापेक्षा चहा ठेवायला उठलेलं बरं. ती चार वर्षं उठत होती आणि आम्हाला वाटत होतं, हिला कामाची सवय आहे.

मला उत्तर आलं नाही. मी खाली बसलो आणि तिच्याबरोबर लसूण सोलला. बराच सोलला, दोन आठवडे पुरला.

रात्री कपाटातलं फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' काढलं आणि योहानाचा अकरावा अध्याय वाचला. आजपर्यंत मी तो लाझरससाठी वाचायचो, कबरीतून बाहेर येणाऱ्या माणसासाठी. त्या रात्री पहिल्यांदा मार्थेसाठी वाचला. तुम्हीही आज तसा वाचून बघा.

सुरुवातीलाच योहान सांगतो की येशूचं मार्थेवर, तिच्या बहिणीवर आणि लाझरसवर प्रेम होतं. पहिलं नाव मार्थेचं. मरियेचं तर तिथं नावही नाही, नुसती 'तिची बहीण'. आणि तरीही निरोप मिळाल्यावर येशू आहे तिथंच आणखी दोन दिवस थांबतो. बेथानी यरुशलेमपासून जेमतेम तीन किलोमीटर. यरुशलेमहून पुष्कळ लोक सांत्वनाला आले होते, आजचं वाचन तिथूनच सुरू होतं. एकोणिसावं वचन मला ह्यापूर्वी कधी टोचलं नव्हतं. सांत्वनाला लोक आले होते! आमच्या गेटाला त्या एप्रिलमध्ये कुलूप होतं. शेजारच्या आजी कुंपणाबाहेर उभ्या राहून रडल्या आणि गेल्या.

मग येशू येतो. आणि आता बघा, मरिया इथंही बसलेलीच आहे, घरात. उठून वाटेवर जाते ती मार्था. जाऊन पहिलं वाक्य काय बोलते? तुम्ही इथं असता तर माझा भाऊ गेला नसता. नमस्कार नाही, आलात बरं झालं नाही. थोड्या वेळानं मरिया येते, पायाशी पडते, आणि तीही अगदी हेच बोलते, बहुतेक त्याच शब्दांत. मला वाटतं ते चार दिवस त्या घरात हेच वाक्य फिरत असणार. भांडी घासताना, पाणी भरताना, रात्री दिवा मालवताना. तो इथं असता तर. दोघी बहिणींचं ते इतकं घोटून झालं होतं की दोघींच्या तोंडून तसंच बाहेर पडलं.

लूकमध्ये मार्थेनं तक्रार केली तेव्हा प्रभूनं तिची समजूत घातली, तिचं नाव दोनदा घेऊन. इथं तिची तक्रार त्याहून मोठी आहे, सरळ त्याच्यावरच आहे, पण तो तिला एका शब्दानं दोष देत नाही. तो तिच्याशी बोलत उभा राहतो, गावाबाहेर, रस्त्यात. आणि पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे, ही जी गोष्ट आपण प्रत्येक अंत्यविधीला ऐकतो, ती तो पहिल्यांदा सांगतो कुणाला? प्रेषितांच्या सभेत नाही. चिडलेल्या मार्थेला. मग विचारतो, तुझा विश्वास आहे का? ती हो म्हणते, तुम्ही ख्रिस्त आहात, देवाचा पुत्र आहात. हीच कबुली मत्तयच्या शुभवर्तमानात पेत्र देतो आणि त्याच्या हातात स्वर्गराज्याच्या किल्ल्या येतात. मार्थेनं ती दिली तेव्हा भाऊ अजून कबरीतच होता.

आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर कबरीपाशी दगड बाजूला करायची वेळ आली, तेव्हा हीच मार्था म्हणते की नको, चार दिवस झालेत, वास येत असेल. किती घरची बाई आहे बघा! विश्वास आहे, पण वासाचं काय करायचं हेही तिच्याच डोक्यात आधी येतं. ह्यावर मला रात्री दीड वाजता एकट्याला हसू आलं.

लाझरस बाहेर आल्यानंतर पुढच्या अध्यायात बेथानीतच जेवण आहे. लाझरस पंगतीला बसलाय, मरिया सुगंधी तेल आणतेय. आणि मार्था? वाढतेय. योहानानं तिला किचनमधून काढलं नाही. म्हणजे प्रश्न स्वयंपाकाचा नव्हताच. लूकनं तिच्यासाठी जो ग्रीक शब्द वापरलाय त्याचा अर्थ चोहोबाजूंनी ओढली गेलेली असा होतो. योहानाच्या पंगतीत तिला कुणी ओढत नाहीये.

आईला मी ह्यातलं काही सांगितलं नाही. एकदा प्रवचन देऊन पाहिलं होतं, पुरे झालं. पण चौथ्या दिवशी एक साधी गोष्ट लक्षात आली, जी इतकी वर्षं रोझरी चालवूनही माझ्या लक्षात आली नव्हती. नमन हे मरिये दोन भागांत म्हणतात. पहिला भाग चालवणारा म्हणतो, दुसरा बाकीचे. पहिल्या भागात देवदूत गॅब्रिएलचं आणि एलिझाबेथचं अभिवादन आहे, लूकच्या पहिल्या अध्यायातलं. नुसता आनंद आहे त्यात. मरणाच्या घटकेचा उल्लेख दुसऱ्या भागात येतो. तो भाग शुभवर्तमानातला नाही, ख्रिस्तसभेच्या प्रार्थनेतून तो हळूहळू घडला आणि १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात आजच्या रूपात आला. म्हणजे जो रोझरी चालवतो त्याला तो भाग म्हणावा लागत नाही. तो इतरांनी म्हणायचा असतो.

मी आईला म्हणालो, "आजपासून रोझरी तू चालव. आमचं आम्ही म्हणतो."

तिला लगेच कळलं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आणि भाजी?"

"भाजी पण इथंच. किचनमध्येच बसू."

त्या दिवशी आम्ही किचनच्या फरशीवर बसून रोझरी म्हटली. मध्ये चवळीच्या शेंगा मोडायला ठेवलेल्या, आईच्या एका हातात जपमाळ. ती तिचा अर्धा भाग म्हणायची आणि थांबायची, मी आणि बहीण उरलेला म्हणायचो. पहिल्या दहा मण्यांना माझाच आवाज फुटत होता. मामाच्या त्या घटकेबद्दल आईच्या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही. पण तिला जे म्हणता येत नाही ते तिच्या वतीनं ५३ वेळा म्हणता येतं, एवढं मला जमतं. पाचही रहस्यं झाली. ती एकदाही उठली नाही. गॅसवर दूध उतू गेलं तरी नाही. ते मी पुसलं.

तेव्हापासून बहुतेक दिवस असंच चाललंय. बहुतेक, रोज नाही. मला लोकल चुकते, बहिणीच्या परीक्षा असतात, आणि कधी कधी आईच म्हणते आज कंटाळा आलाय. नाताळात पाहुणे आले तेव्हा ती पुन्हा दोन दिवस किचनमध्ये एकटी होती आणि मी पुन्हा हॉलमध्ये गिटार घेऊन, हेही सांगायला हवं. दुसरा भाग तिनं अजून म्हटलेला नाही. आम्ही विचारत नाही.

मित्रांनो, आपण सण साजरे करतो म्हणजे बहुतेकदा काय करतो? सकाळी संताचा फोटो स्टेटसला, 'हॅपी फीस्ट', दुपारी चमचमीत जेवण. मीही करतो, त्यात वाईट काही नाही. पण आज मार्थेचा फोटो टाकायच्या आधी तुमच्या घरात कोण उठून चहा ठेवायला जातं ते एकदा बघा. लांब राहत असाल, पीजीमध्ये, पुण्यात, दुबईत, तर फोन लावा. प्रवचन देऊ नका, माझं ऐका. कदाचित तिला खरंच चहाच ठेवायचा असेल. पण कदाचित तिला प्रभूला काही विचारायचं असेल, आणि आपण सगळे इतक्या सुरात प्रार्थना म्हणतोय की तिला मध्ये बोलता येत नाहीये.

आज संध्याकाळी साडेसहाच्या मिस्सेत मामाचं नाव दिलंय. नाव द्यायला ह्या वेळी आई स्वतः पॅरिश ऑफिसला गेली होती, मला न सांगता. आज ती आणि बहीण मिस्सेला पुढे जातील, मी लोकलवरून थेट चर्चमध्ये. आल्यावर मार्थेच्या सणाचं जेवण : मटण बहीण करणार आहे, डाळ-भात माझ्याकडे. आईनं सकाळीच बजावलंय, कुकरला तीन शिट्ट्या, चौथी नको, आणि दार उघडं ठेव.